चहा संपेपर्यंत

चि. ईशान आणि चि. मीरा,

मागच्या महिन्यात फोनवर ईशानने विचारलं होतं, "आजी, तुझा पक्ष एवढा चांगला होता, तर तो सारखा हरतो का?" मी म्हटलं, तव्यावर पोळी आहे, नंतर सांगते. तव्यावर काही नव्हतं. मला उत्तर सुचलं नव्हतं, एवढंच.

त्यानंतर इथल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप आला, की काकू, पक्षाच्या कार्यालयात इतकी वर्षं काढलीत, काही लिहा. मी विचारलं, नातवंडांना लिहिलेलं चालेल का? ते म्हणाले, चालेल, फक्त कुणाचं आडनाव नको. म्हणून आडनावं गाळली आहेत आणि पक्षाचं नावही लिहीत नाही. जुन्या माणसांना ते कळेलच, आणि तुम्हाला कळून काही उपयोग नाही. एखादा शब्द अडला तर आईला विचारा. अहिराणी तिला माझ्यापेक्षा चांगली येते.

मी नंदुरबारला मिशनच्या शाळेत शिकले, पुढे इंग्रजी घेऊन बी. ए. झाले आणि लग्न होऊन शहाद्याला आले. तुमचे आजोबा आणि बापूसाहेब कॉलेजच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलेले. बापूसाहेब तालुक्यात पक्षाचे पुढारी झाले तेव्हा वरच्या नेत्यांना इंग्रजीत पत्रं लिहायला त्यांना माणूस हवा होता. ते आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि आजोबांना म्हणाले, "वहिनीले इंग्रजी येस ना? मंग त्या घरमा काय करी ऱ्हायन्यात?" मी आतून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेले.

पत्रं आठवड्यातून दोन असत. उरलेल्या वेळात मी कपाटं लावली. मला पसारा सोसत नाही हे तुम्हाला माहीत आहे. झेंडे एका कप्प्यात, सतरंज्या दुसऱ्या, माईकच्या परवानग्या गावांच्या नावांप्रमाणे. हळूहळू सगळं कार्यालयच माझ्याकडे आलं. कार्यालय म्हणजे बसस्टँडमागच्या दोन खोल्या आणि बाहेर एक लांब बाकडं.

लोकांना वाटतं, पक्षाचं काम म्हणजे भाषणं आणि मिरवणुका. ते निवडणुकीपुरतं. एरवीचं काम एकाच गोष्टीचं असतं, त्याला आमच्याकडे 'नाराजी काढणं' म्हणतात. कुणाला लग्नात मानाचा नारळ मिळाला नाही, कुणाच्या शेतातून रस्ता गेला, कुणाच्या मुलाची बदली झाली नाही. अशी माणसं रुसतात. रुसलेला माणूस विरोधकांकडे जातो असं नाही, तो नुसता घरी बसतो. आणि मतदानाच्या दिवशी त्याच्याबरोबर त्याची गल्ली घरी बसते. म्हणून त्याच्या दारात जायचं, बसायचं आणि त्याचं ऐकून घ्यायचं.

आमच्याकडे हिरालाल म्हणून एक गृहस्थ होते, कळसाडीकडचे. कापूस, ऊस, सगळं व्यवस्थित. प्रत्येक निवडणुकीला ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तिकीट मागायला येत. बापूसाहेब त्यांना समोर बसवून घेत. हिरालाल आपण निवडून आलो तर काय काय करू ते सांगत. तापीचं पाणी कुठून कुठे न्यायचं हे ते टेबलावर बोटाने दाखवत. तास जाई. शेवटी बापूसाहेब म्हणत, "हिरालालभाऊ, पाण्यानं मन्हा ध्यानमा शे." पाण्याचं माझ्या ध्यानात आहे, एवढ्यावर हिरालाल खूश होऊन घरी जात. तिकीट मिळालं नाही हे त्यांच्या लक्षातही येत नसे.

तासाभराने त्यांची बायको येई. ती दारातच उभी राहून म्हणे, "वहिनी, दिधं का तिकीट?"

"नाही."

"बरं व्हयनं माय. निवडून उना तर घर दखाव नही, आणि पडना तर घरमाच बसी ऱ्हाई. दोन्हीकडथून मन्हंच मरण."

निवडून आला तर घराकडे बघणार नाही, पडला तर घरीच बसून राहील, म्हणून. तुम्ही हसाल. पण बापूसाहेबांची खरी कमाई ती होती, तो एक तास.

आता रतनबद्दल सांगते. ही गोष्ट तिचीच आहे.

म्हसावदच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याला एक गाव आहे. गावात शिरताना नाला आडवा येतो. तेव्हा त्यावर फरशी नव्हती. फरशी म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, मोठा पूर आला तर पाणी त्याच्या वरून जातं. पावसाळ्यात गाव तुटायचं. दोन निवडणुकांत आमच्या पक्षाने फरशीचा शब्द दिला होता आणि पाळला नव्हता. गावाने निरोप पाठवला, की मतं मागायला येऊ नका. बापूसाहेब म्हणाले, "चला वहिनी, जाऊत." जीपमध्ये त्यांनी मला सांगितलं, "एक गोठ ध्यानमा ठेवा. चहा सरे तोपावत आपन बोलानं नही." चहा संपेपर्यंत आपण तोंड उघडायचं नाही. रुसलेल्या घरात शिरायचा त्यांचा हा नियम होता. मी अशा घरी पहिल्यांदाच जात होते, म्हणून त्यांनी तो मला बजावून सांगितला.

आम्ही एका अंगणात खाटेवर बसलो. कोरा चहा आला, गवती चहा घातलेला. तो घेऊन आली ती रतन. तेव्हा पंचविशीची असेल. आश्रमशाळेत मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून नुकतीच लागली होती आणि सुट्टीला घरी आली होती. कप हातात देऊन ती बाजूला झाली नाही. तिथेच उभी राहून तिने बोलायला सुरुवात केली.

"साहेब, तुम्ही गाडीतून आलात. आमच्या पोरी पाण्यातून येतात. तुमची मुलगी कधी कमरेएवढ्या पाण्यात उतरलीय का?"

तिचा बाप "गप, गप" करत होता. शेजारची जमनाबाई, तेव्हाच पन्नाशी उलटलेली, तीही पुढे येऊन बोलू लागली. भिली बोलीतलं मला सगळं समजलं नाही, पण ते स्तुतीचं नव्हतं एवढं समजलं. बापूसाहेब एकेक घोट घेत होते. चहा निवला तरी घोट चालूच. मान खाली नाही, घड्याळाकडे नजर नाही, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहणं. शेवटी दोघी दमल्या. बापूसाहेबांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "आखो काही?"

आणखी काही? असं विचारलेलं ऐकून रतन गोंधळली. मग हसली. म्हणाली, "चहा अजून देऊ का?"

परत येताना बापूसाहेब म्हणाले, "ही बाई आपला पक्षमा पाहिजे." पुढच्या पावसाळ्याआधी फरशी झाली आणि रतन आमच्याकडे आली. नोकरी सांभाळून, पायथ्याच्या गावांतली नाराजी तीच काढू लागली. तिच्या पट्ट्यात आम्ही पुढे कधी हरलो नाही. शेवटच्या निवडणुकीपर्यंत.

मधल्या वर्षांत काय झालं ते एका प्रसंगावर बोट ठेवून सांगता येत नाही. बापूसाहेब वाईट झाले नाहीत, हे आधी लिहून ठेवते. पैसे खाल्ले, दारू प्यायले, असलं काही नाही. लागोपाठ निवडणुका जिंकल्या आणि त्यांना माणसांचं पुढचं वाक्य आधीच कळू लागलं. निदान त्यांना तसं वाटू लागलं. कुणी म्हणालं, "बापूसाहेब, ते विहिरीचं..." की ते म्हणत, "माहीत शे, सांगेल शे तहसीलदारले." त्या माणसाला विहिरीचं दुसरंच काही सांगायचं असे. तो मान हलवून जाई. सुरुवातीला मी बाहेर बाकड्यावर जाऊन त्याला विचारत असे, "काय राहिलं सांगायचं?" आणि चिठ्ठी आत नेत असे. नंतर बापूसाहेब चिठ्ठी पाहून हसत. "वहिनी, तुम्ही इंग्रजी पत्रं लिव्हा. माणसं मी वयखस."

माणसं मी ओळखतो. खरंच ओळखत होते. पण वीस वर्षांपूर्वीची.

मग खुर्चीची पद्धत पडली. सभेत व्यासपीठावर मधली मोठी खुर्ची त्यांची, आणि ते येईपर्यंत कुणी भाषण करायचं नाही. कुणी तसा हुकूम काढला नव्हता. एकदा कुणीतरी आधी बोललं, बापूसाहेब काही म्हणाले नाहीत, पण परतताना गाडीत गप्प राहिले. तेवढं पुरलं. नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्यांजवळ आमची एक सभा होती. पथारी म्हणजे मिरची वाळत घालायचं मैदान, नजर पोचेल तिथवर लाल. वारा सुटला आणि व्यासपीठावरची माणसं शिंका देत, डोळे पुसत दोन तास रिकाम्या खुर्चीशेजारी बसली. मी पिशवीतून रुमाल वाटत होते. समोरचे लोक हसत होते. मला तेव्हा ते गमतीचं वाटलं होतं.

हिरालालना याच काळात गाडीच्या खिडकीतून उत्तर मिळालं, "नंतर दखू." ते शर्टाची घडी न मोडता विरोधकांकडे गेले. तिथेही त्यांना तिकीट मिळालं नाही, पण तिथे कुणीतरी तासभर बसवून घेतलं असावं.

कार्यालयाबाहेरचं बाकडं रिकामं राहू लागलं. बापूसाहेब म्हणत, दखा वहिनी, लोकांच्या तक्रारीच सरल्या. मला ते रिकामं बाकडं आवडत नसे. भांडायला येणारा माणूस आपल्याकडून काहीतरी मिळेल म्हणून येतो. तो आलाच नाही, तर त्याने ती आशा सोडलेली असते. हे मी त्यांना एकदा सांगितलं. वाक्य अर्धं झालं होतं तेव्हा त्यांनी ते पूर्ण केलं, वेगळंच.

तालुक्यात आम्ही नगरपालिका हरलो, मग बाजार समिती. प्रत्येक वेळी कारणं निघाली. बंडखोर उभा राहिला, लग्नाची तिथी होती, विरोधकांनी पैसा वाटला. प्रत्येक कारण थोडंथोडं खरं होतं. तेच अडचणीचं होतं, कारण खऱ्या कारणांच्या गर्दीत मुख्य कारण सापडत नाही.

मग जिल्हा परिषदेची निवडणूक आली. जिल्हा परिषदेसाठी तालुक्याचे भाग पाडतात, त्यांना गट म्हणतात. आमचा तो गट आदिवासी महिलेसाठी राखीव झाला. रतनशिवाय दुसरं नाव नव्हतं. पण उभं राहायचं तर आश्रमशाळेची नोकरी सोडावी लागणार होती. ती माझ्या घरी आली. नवरा आधीच गेलेला, मुलगा नाशिकला शिकतो. मी म्हटलं, "नीट विचार कर. पडलीस तर ते तुला परत घेणार नाहीत."

"काकू, अधीक्षिका म्हणून साठ मुलींची व्यवस्था बघते. इथे साठ गावांच्या मुलींची बघता येईल." थोडं थांबून म्हणाली, "आणि आमच्या गावाला वाटतं, मी पडत नाही."

तिने राजीनामा दिला. त्या दिवसापासून तो गट माझ्यासाठी गट राहिला नाही. तिच्या घरची चूल त्याच्यावर होती.

काम तिने चोख केलं. पायथ्याच्या गावांतली निम्मी माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. मतदानाला ती परत येतात की नाही यावर तिकडचा निकाल असतो. रतनने एकेका टोळीला फोन केला. आजारी कोण, कुणाचं बाळ केवढं झालं, सगळं तिला ठाऊक. त्यांनी शब्द दिला, की एका दिवसासाठी येऊ. मी एवढी निश्चिंत कधीच नव्हते.

शेवटच्या आठवड्यात म्हसावदला सभा ठेवली. बाया शेतातली कामं लवकर आटोपून आल्या होत्या, काहींच्या लुगड्याला कापूस चिकटलेला. रतन व्यासपीठावर, शेजारी रिकामी खुर्ची. तास गेला, आणखी गेला. मी खालून रतनला खूण केली, बोल. तिने खुर्चीकडे पाहिलं आणि मान हलवली. बाया उठून जाऊ लागल्या तेव्हा बापूसाहेबांच्या गाड्या आल्या.

रतनने बोलायला सुरुवात केली. भिलीत बोलली, गावातल्या गावात बोलावं तशी. गेलेल्या बायका परतून बसल्या. ती मुलींच्या वसतिगृहाचं सांगत होती. तेवढ्यात बापूसाहेब उठले, प्रेमानेच तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि माईक घेतला.

"रतनबाई अजून नवी शे, लाजस. मी सांगस. तुम्ही तिनाकडे दखूच नका, मन्हाकडे दखा! नाव तिनं, मत मन्हं!"

नाव तिचं, पण मत माझं. आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर पुढच्या रांगेतून जमनाबाईचा आवाज आला, "मंग तूच उभा ऱ्हाय ना, बापू!"

सगळी सभा हसली. आधीचे बापूसाहेब असते तर सगळ्यात मोठ्याने तेच हसले असते. आता ते लाल झाले. "ओ माय," ते म्हणाले, "मी नसतू ना, तर तुम्ही आजून डोंगरमाच ऱ्हायतात, पाला खात!"

हसू थांबलं. रतन त्यांच्या शेजारीच उभी होती. तिने हात जोडलेले होते, ते तसेच राहिले.

एवढ्या बोलण्याची मोबाईलवर क्लिप झाली. विरोधकांना दुसरा प्रचार करावाच लागला नाही. क्लिप संध्याकाळपर्यंत गुजरातेत उसाच्या फडात पोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बापूसाहेबांच्या घरी गेले. ते झोपाळ्यावर पेपर वाचत होते.

"क्लिप पाहिली?" मी विचारलं.

"तोडीमोडी दखाडेल शे. मांगलं-पुढलं कापं."

"मागचं-पुढचं मी ऐकलं आहे, बापूसाहेब. मी तिथे होते."

त्यांनी पेपर खाली ठेवला. "मंग तुम्हीच सांगा काय करानं."

त्यांनी असं विचारून फार वर्षं झाली होती. मी म्हटलं, "रतनच्या गावी चला. खुर्ची नको, माईक नको, चार गाड्या नकोत. जमनाबाईच्या अंगणात बसा. ती बोलेल ते ऐका. पहिल्यांदा गेलो होतो तसं."

त्यांनी पायाने झोपाळा थांबवला. मग म्हणाले, "तुमनं बराबर शे. जाऊत."

आम्ही गेलो. त्या फरशीवरून गेलो. जमनाबाईने खाट टाकली. आता ती फार थकली होती, पण तिने रतनला दुधाची पिशवी आणायला लावली होती. पाहुण्यांना कोरा चहा द्यायचे दिवस गेले, हे तिला दाखवायचं असावं. चहा आला. बापूसाहेबांनी कप हातात घेतला आणि माझ्याकडे पाहून किंचित हसले. त्यांना नियम आठवला होता. मला वाटलं, जमलं.

जमनाबाई खाली बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "बापू, ती फरशी..."

"ती फरशी कोणी बांधी?" बापूसाहेब म्हणाले. "मीच ना? त्यानाआगुदर काय व्हतं आठे?"

आणि मग ते बोलत राहिले. फरशी कशी मंजूर केली, कुठल्या साहेबाला कसं सुनावलं, रस्ता, दिवे, शाळेची खोली. प्रत्येक गोष्ट खरी होती. जमनाबाईने दोनदा तोंड उघडलं. दुसऱ्यांदा तिने ते पदराने झाकून घेतलं. मी त्यांच्या कपाकडे पाहत होते. चहावर साय धरली होती. भरलेला कप त्यांनी खाटेच्या पायाशी ठेवला, "काय, बरोबर ना?" असं सगळ्यांना विचारलं आणि उठले. गाडीत बसल्यावर समाधानाने म्हणाले, "काढी नाराजी."

जमनाबाईला काय सांगायचं होतं ते रतनने मला नंतर सांगितलं. फरशीचा कडेचा भाग पुरात वाहून गेला होता. लोखंडी गज बाहेर आले होते. तिचा मुलगा मोटरसायकलवरून तिथेच पडला आणि त्याचा पाय कायमचा गेला. तिला एवढंच म्हणायचं होतं, की बापू, फरशी तू बांधलीस, आता कड तूच नीट कर. ती त्यांना मत द्यायच्याच तयारीत बसली होती.

मतदानाच्या दिवशी ऊसतोडीच्या टोळ्या आल्या नाहीत. त्यांनी रतनला फोन करून सांगितलं, की बाई, तुझ्यावर राग नाही. पण मत त्याचं आहे असं तोच म्हणाला ना? रतन पडली. फार थोड्या मतांनी पडली, याचा त्रास जास्त झाला.

पराभवानंतर पक्षात चिंतन बैठक घ्यायची रीत आहे. आपण का हरलो यावर सगळ्यांनी मोकळेपणाने बोलायचं असतं. बापूसाहेब एकटेच बोलले, जेवणाची वेळ होईपर्यंत. उमेदवार नवखी होती, मोबाईलने घात केला, आपल्यातलेच काही आतून फिरले. रतन शेवटच्या रांगेत बसली होती. "कुणाला काही म्हणायचं असेल तर सांगा," असं ते शेवटी म्हणाले आणि पाण्याचा ग्लास तोंडाला लावायच्या आत, "नही ना? मंग चला जेवाले," असंही म्हणाले. मी इतिवृत्त लिहीत होते. मी पेनाला टोपण लावलं. त्या महिन्यात मी काम सोडलं. भांडण केलं नाही. कपाटांच्या चाव्या चिठ्ठ्या लावून टेबलावर ठेवल्या.

ईशान, तुझं उत्तर इथे संपवता आलं असतं. पण गेल्या महिन्यात आणखी एक गोष्ट झाली.

रतनला आश्रमशाळेने परत घेतलं नाही. ती आता घरची थोडी शेती बघते आणि शिवणकाम करते. मी तिला भेटायला गेले, तर ती घरी नव्हती. जमनाबाईच्या अंगणात सापडली. मी खाटेच्या टोकाला बसले. जमनाबाई तिच्यावर तोंडसुख घेत होती. त्या माणसाच्या शेजारी हात जोडून उभी कशाला राहिलीस? माईक हिसकावून का घेतला नाहीस? आम्हाला पाला खाणारे म्हटलं आणि तू गप्प! रतनच्या हातात कप होता. ती एकेक घोट घेत होती. मान खाली नव्हती. जमनाबाई दमून थांबली, तेव्हा रतनने रिकामा कप खाली ठेवला आणि विचारलं, "आखो काही?"

अगदी तसाच सूर होता.

वाटेत तिने सांगितलं, की ती एकेका घरी अशी जाते आहे. जे मतदानाला आले नाहीत त्यांच्याकडे आधी. पुढच्या वेळी ती उभी राहणार आहे. कुठल्या पक्षाकडून, ते ठरलेलं नाही.

घरी आल्यावर मी बापूसाहेबांना फोन केला. हे त्यांना सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, "आज रतनच्या गावाला गेले होते."

"माहीत शे काय म्हणनी व्हई ती. मन्हावर रुसेल शे..." आणि ते सुरू झाले. मी मध्ये बोलले नाही. खुर्चीत नीट बसले आणि ऐकत राहिले. मोबाईल, आतून फिरलेले लोक, मग त्यांची गुडघेदुखी, मग आता घरी कुणी येत नाही. मग तुमच्या आजोबांची आठवण, वसतिगृहातली. बोलता बोलता ते मंदावले आणि थांबले.

मी विचारलं, "आखो काही?"

मग ते अगदी हळू म्हणाले, "वहिनी, तो दिवस जमनाबाई काय सांगी ऱ्हायंती?"

मी सांगितलं. फरशीची कड, गज, मुलाचा पाय. त्यांनी एकदाही मध्ये तोडलं नाही.

"कव्हय जाऊत?" कधी जायचं, असं त्यांनी विचारलं.

"ते मी ठरवू शकत नाही, बापूसाहेब. रतनला विचारावं लागेल."

दुसऱ्या दिवशी मी रतनला फोन केला. शिवणयंत्राचा आवाज येत होता, तो थांबला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"येऊ द्या," ती म्हणाली. "पण त्यांना सांगून ठेवा काकू, आमच्याकडे चहा गरम असतो. प्यायला वेळ लागतो."